आजोबांची पेन्शन, नातवाचं कर्ज

जानेवारी १९३५. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या टेबलावर वृद्धांच्या पेन्शनचा आराखडा आला होता. योजना त्यांच्याच आग्रहातून जन्मलेली, एक-दोन दिवसांत काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, पाठवायची होती. तक्ते बघताना अध्यक्ष एका रकान्यापाशी अडले. पुढे १९८० साल येईपर्यंत योजनेत भली मोठी तूट साचत होती. मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स (अमेरिकी मंत्रिमंडळातली ही पहिली स्त्री) यांनी हा प्रसंग पुढे आठवणींत लिहून ठेवला. ही तूट सरकारने त्या वेळी तिजोरीतून भरावी, अशी आराखडा करणाऱ्या समितीची तजवीज होती. रूझवेल्टना ती पटेना. जी काँग्रेस अजून निवडूनही आलेली नाही तिच्या माथी पंचेचाळीस वर्षांनंतरचं बिल मारणं जवळजवळ अप्रामाणिकपणाचं आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. आराखडा परत गेला, कराचे दर वाढवून आला. नव्या हिशोबात १९८० पर्यंत तुटीऐवजी ४,७०० कोटी डॉलरची गंगाजळी साठणार होती.

अमेरिकेत आज म्हाताऱ्यांनी देश खाल्ला, असं तरुण म्हणतात आणि आम्ही जन्मभर पैसे भरले, असं म्हातारे म्हणतात. त्या भांडणात हा प्रसंग क्वचितच कुणी काढतं. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बिल पुढे ढकललं जातंय हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. एकाने ते अडवलंही होतं.

१४ ऑगस्ट १९३५ ला कायदा झाला. १९३७ पासून पगाराच्या पहिल्या ३,००० डॉलरवर कामगाराचा एक टक्का आणि मालकाचा एक टक्का कापला जाऊ लागला. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना योजनेत घेतलं नव्हतं. दक्षिणेकडचे बहुसंख्य काळे कामगार नेमके याच दोन कामांत होते, त्यामुळे ते आपोआप बाहेर राहिले. खर्च सरळ तिजोरीतून न करता पगारातून कापून घ्यायचा, यामागे रूझवेल्टांचा डाव उघड होता. ज्याने पैसे भरले तो हक्काने मागणार, आणि मग कुठल्याही पुढाऱ्याची ही योजना मोडायची छाती होणार नाही. हा अंदाज नव्वद वर्षं तंतोतंत खरा ठरत आलाय.

गंगाजळीचा हट्ट मात्र चार वर्षंच टिकला. १९३७-३८ ची मंदी आली आणि बाजारातून पैसा काढून सरकारने साठवायचा कशाला, असा ओरडा सुरू झाला. इतका पैसा सरकारच्या हाती नको, असं रिपब्लिकनांचं मत होतं, आणि पेन्शन लवकर नि जास्त द्या, असं डाव्यांचं. दोघांचं भागेल असा एकच रस्ता होता. १९३९ च्या दुरुस्तीत बायको, विधवा, मुलं यांनाही लाभ दिला गेला, मासिक पेन्शन १९४२ ऐवजी १९४० लाच सुरू करायचं ठरलं, आणि त्याच वर्षी होणारी करवाढ रद्द झाली. पुढेही ती दर वेळी लांबत राहिली. १९५० उजाडेपर्यंत कर एक टक्क्यावरच होता.

पहिला मासिक चेक निघाला ३१ जानेवारी १९४० ला, व्हरमाँट राज्यातल्या लडलो गावच्या आयडा मे फुलर यांच्या नावाने. वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरीचं काम केलेल्या या अविवाहित बाईंच्या पगारातून तीन वर्षांत कापले गेले होते २४ डॉलर ७५ सेंट. पहिलाच चेक होता २२ डॉलर ५४ सेंटचा. दुसरा चेक हातात पडला तेव्हा त्यांनी भरलेले सगळे पैसे वसूल होऊन वर शिल्लक राहिली. पुढे फुलरबाई शंभर वर्षांच्या होऊन १९७५ मध्ये वारल्या. तोवर त्यांना मिळाले होते २२,८८८ डॉलर ९२ सेंट. यात त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. त्यांच्या वाट्याचे पैसे त्या वेळी नोकरीत असलेले लोक भरत होते. त्या लोकांच्या वाट्याचे कोण भरणार, हे विचारण्याची कुणाला घाई नव्हती, कारण भरणारे भरपूर होते. १९५० मध्ये एका लाभार्थ्यामागे १६.५ कामगार होते. १९६० पर्यंत ते ५.१ वर आले. आज २.७ आहेत.

अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९६७ मध्ये 'न्यूजवीक'मध्ये या व्यवस्थेचं गुणगान करताना तिची तुलना चक्क साखळी योजनेशी केली होती, तीही कौतुकाने. लोकसंख्या वाढतेय, उत्पन्न वाढतंय, तोवर प्रत्येक पिढीला भरल्यापेक्षा जास्त मिळत राहील, असा त्यांचा हिशोब होता. तो लिहिला जात असतानाच पाळणे रिकामे व्हायला लागले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी बाईला सरासरी साडेतीनहून जास्त मुलं होत. आता हा आकडा १.६ च्या आसपास आहे. १९४६ ते १९६४ दरम्यान जन्मलेली सुमारे साडेसात कोटी मुलं, म्हणजे आजचे 'बूमर', त्या वेळी बहुतेक करून शाळा-कॉलेजांत तरी होती किंवा नुकती नोकरीला लागत होती. कर भरणाऱ्यांची एवढी मोठी फौज येताना दिसल्यावर राज्यकर्त्यांचा हात सैल सुटला.

किती सैल, ते १९७२ मध्ये दिसलं. निवडणुकीचं वर्ष. करविषयक समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांना स्वतःलाच राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं. काँग्रेसने पेन्शन एकदम २० टक्क्यांनी वाढवली आणि पुढे महागाईनुसार ती आपोआप वाढत जाईल अशी सोय केली. निक्सन यांनी सही केली. वाढीव चेक ऑक्टोबरात, मतदानाच्या महिनाभर आधी, घरोघर पोचले. पाकिटात एक चिठ्ठीही होती: ही वाढ काँग्रेसने मंजूर केली आणि अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी तिच्यावर सही केली, असं आवर्जून कळवणारी. बरं, महागाईच्या सूत्रात गणिताची चूक होती. नव्या पेन्शनरांना महागाईची भरपाई दोनदा मिळत होती. ती १९७७ मध्ये दुरुस्त करावी लागली.

तरीही १९८३ च्या उन्हाळ्यात पैसे संपणार, हे दिसू लागलं. रूझवेल्टनी बोट ठेवलेलं साल फक्त तीन वर्षांनी चुकलं होतं.

त्या वर्षीची तडजोड अमेरिकेत आजही शहाणपणाचा नमुना म्हणून सांगतात. रिपब्लिकन अध्यक्ष रेगन आणि डेमोक्रॅट सभापती टिप ओ'नील यांनी अ‍ॅलन ग्रीनस्पॅन आयोगाच्या आडोशाने मार्ग काढला. महागाईची वाढ सहा महिने लांबवली, बऱ्या उत्पन्नाच्या पेन्शनरांना पेन्शनवर कर लावला, पगारकपातीचा दर टप्प्याटप्प्याने ६.२ टक्क्यांवर नेला. आणि पूर्ण पेन्शनचं वय ६५ वरून ६७ केलं. या शेवटच्या कलमाकडे जरा निरखून पाहायला हवं. वय लगेच वाढणार नव्हतं. १९३८ किंवा नंतर जन्मलेल्यांपासून ते दोन-दोन महिन्यांनी सरकत जाणार होतं आणि पूर्ण ६७ लागू होणार होतं १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना. कायदा झाला तेव्हा त्यांतला सगळ्यात मोठा तेवीस वर्षांचा होता. कित्येक जण जन्मलेही नव्हते. त्या सभागृहात मत देणाऱ्या कुणालाच पूर्ण ६७ ची झळ लागणार नव्हती. वय वाढवणं म्हणजे पेन्शन कापणंच असतं, फक्त ते कानाला बोचत नाही. बासष्टाव्या वर्षी पेन्शन घेतली तर पूर्वी २० टक्के कमी मिळायची, आता ३० टक्के कमी मिळते.

करवाढीने मात्र काम केलं. पुढची पंचवीसेक वर्षं दर वर्षी शिल्लक पडत गेली आणि गंगाजळी फुगत फुगत २.९ लाख कोटी डॉलरपर्यंत गेली. ही शिल्लक भरली कुणी? मुख्यतः बूमरांनीच, स्वतःच्या ऐन कमाईच्या वर्षांत. म्हाताऱ्यांचा खर्च आणि स्वतःच्या म्हातारपणाची आगाऊ रक्कम, असा दुहेरी भरणा करणारी ही पिढी होती. 'ऐतखाऊ पिढी' म्हणताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

पण साठवलेल्या पैशाचं पुढे काय झालं? कायद्याने तो सरकारी कर्जरोख्यांतच गुंतवायचा होता. म्हणजे एका खिशाने दुसऱ्याला उसने दिले आणि दुसऱ्याने ते खर्चून टाकले. न्यूयॉर्कचे सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन १९८३ च्या तडजोडीत स्वतः होते; सहा-सात वर्षांत त्यांनीच उलट प्रस्ताव आणला की पगारातली कपात कमी करा, कारण गरीब कामगाराचे पैसे घेऊन सरकार आपली तूट झाकतंय. तो बारगळला. एप्रिल २००५ मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गला सरकारी कर्जाच्या कचेरीत गेले आणि फायलींच्या कपाटात ठेवलेले हे रोखे त्यांनी कॅमेऱ्यांसमोर पाहिले. मग बाहेर येऊन सांगितलं की गंगाजळी वगैरे काही नाही, नुसत्या हातचिठ्ठ्या आहेत. अमेरिकेच्या अध्यक्षाने अमेरिकेच्या रोख्यांना हातचिठ्ठी म्हणावं, हा प्रकार गमतीचाच. दोन करकपाती, दोन युद्धं आणि वृद्धांच्या औषधांचा नवा खर्च हे सगळं त्यांच्याच काळातलं, आणि यातल्या कशासाठीही नवा कर लावलेला नव्हता. १९९८ ते २००१ ही चार वर्षं अर्थसंकल्पात शिल्लक होती. तिथून आजचं कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलंय, आणि २०२४ मध्ये त्याच्या व्याजाचा खर्च संरक्षणखर्चाला मागे टाकून गेला. वृद्धांची पेन्शन आणि मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, या दोनच खात्यांवर केंद्राच्या एकूण खर्चातला एक तृतीयांशाहून जास्त पैसा जातो. त्यासाठी दर वर्षी मतदान लागत नाही. कायदा आहे तोवर चेक निघत राहतात.

या आकड्यांवर खटला उभा राहिला. बोस्टन विद्यापीठाचे लॉरेन्स कॉट्लिकॉफ १९९० च्या दशकापासून पिढ्यांचा ताळेबंद मांडतायत: आज जन्मलेल्या मुलाला आयुष्यभरात सरकारला किती द्यावं लागेल आणि त्याच्या आजोबांना किती द्यावं लागलं. ब्रूस गिबनी या गुंतवणूकदाराने २०१७ मध्ये अख्खं पुस्तक लिहून बूमरांना समाजघातकी पिढी ठरवलं. पडके पूल, महाग झालेली कॉलेजं, कर्ज, हवामान, सगळं त्यांच्या नावावर. फिर्यादीच्या हातात पुरावेही आहेत. ट्रम्प, धाकटे बुश आणि क्लिंटन हे तीन अध्यक्ष १९४६ च्या एकाच उन्हाळ्यात जन्मलेले, जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये. अमेरिकी कुटुंबांच्या एकूण संपत्तीतली निम्म्याच्या आसपास बूमरांकडे आहे.

तरी मला हा खटला टिकणारा वाटत नाही. १९३९ आणि १९७२ या सालांतले निर्णय घेणारे बूमर नव्हते, त्यांचे आईबाप आणि आजोबा होते. घरांच्या बाबतीतही तेच. कॅलिफोर्नियात १९७८ च्या जनमताने घरपट्टी गोठवली. जुन्या मालकाला नाममात्र कर, नव्याने घर घेणाऱ्याला पूर्ण. वॉरन बफे यांनी २००३ मध्ये स्वतःचाच दाखला दिला होता. ओमाहातल्या पाच लाख डॉलरच्या घराला त्यांना १४,४०१ डॉलर कर होता आणि कॅलिफोर्नियातल्या चाळीस लाखांच्या घराला २,२६४. तरुणांना घर परवडेनासं करणाऱ्या या कायद्याचे पुढारी हॉवर्ड जार्विस १९०३ चे होते. सगळ्यात थोरले बूमर १९७८ मध्ये बत्तीस वर्षांचे.

दुसरं म्हणजे पिढी हा एक माणूस नव्हे. स्टॅनफर्डचे (आता हार्वर्डमधले) राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का पुरुषांचं आयुष्य सर्वांत गरीब एक टक्क्यांपेक्षा सरासरी १४.६ वर्षांनी जास्त आहे. म्हणजे पेन्शनचं वय वाढवलं की ज्याने छपरं शाकारण्यात पाठ मोडून घेतली त्याची पेन्शन जाते, शेअर दलालाची नाही. अर्थतज्ज्ञ अ‍ॅन केस आणि अँगस डीटन यांनी दारू, ड्रग आणि आत्महत्या यांनी मरणाऱ्या मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांचा अभ्यास केला, तोही कमी शिकलेल्या माणसांचा होता. त्यांतले बरेच जण बूमर पिढीचेच. देश खाल्ल्याचा आरोप असलेल्या पिढीतले हे लोक साठीलाही पोचले नाहीत. आणि योजनेने केलेलं काम डोळ्यांआड करता येणार नाही. १९५९ मध्ये अमेरिकेतले ३५ टक्के वृद्ध गरिबीत होते. आज ते प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आहे. निवृत्त कामगाराची सरासरी पेन्शन महिन्याला दोन हजार डॉलरच्या घरात; अमेरिकेतल्या भाड्यांकडे पाहता ती चैन नव्हे.

मग ज्यांच्याकडे भरपूर आहे त्या वृद्धांनीच गरीब वृद्धांचा भार उचलावा, हा मार्ग कुणाला सुचला नाही का? सुचला होता. १९८८ मध्ये मोठ्या आजारपणाच्या खर्चासाठी मेडिकेअरचा विस्तार झाला आणि त्याचा खर्च सधन वृद्धांवर अधिभार लावून काढायचं ठरलं, माणशी वर्षाला जास्तीत जास्त ८०० डॉलर. दोन्ही पक्षांनी मोठ्या बहुमताने मंजूर केलं. पन्नाशीपुढच्यांची बलाढ्य संघटना एएआरपीही बाजूने होती. १७ ऑगस्ट १९८९ ला, मिल्स यांच्याच जुन्या खुर्चीवर बसलेले डॅन रोस्टेन्कोव्स्की शिकागोत आपल्या मतदारसंघात सभेला गेले. बाहेर पडताना पांढऱ्या केसांच्या मतदारांनी त्यांना गराडा घातला. भित्रा, चोर, अशा आरोळ्या. ते गाडीत बसले तर लोक गाडीसमोर उभे राहिले. एक आजीबाई बॉनेटवरच रेलल्या. शेवटी काँग्रेसमधल्या सर्वांत ताकदवान माणसांपैकी एक असलेले हे गृहस्थ गाडीतून उतरून पेट्रोल पंपाच्या आवारातून पळत सुटले. टीव्हीवर हे सगळ्या देशाने पाहिलं. कमाल रक्कम भरावी लागणारे वृद्ध फार थोडे होते, पण भीती सगळ्यांना होती. वर्ष संपायच्या आत कायदा मागे घेतला गेला. या आजीआजोबांतही बूमर कुणी नव्हतं. थोरला बूमर तेव्हा त्रेचाळीसचा होता. वॉशिंग्टनमधल्या प्रत्येक पुढाऱ्याने तो पळ पाहिला आणि धडा घेतला.

मुलांना असं गाडीसमोर उभं राहता येत नाही. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं की अमेरिकेत वृद्धांची गरिबी घटत असताना मुलांची वाढतेय. २०२१ मध्ये कोविडच्या निमित्ताने मुलांमागे आईबापांना मिळणारी रक्कम एका वर्षापुरती वाढवली, तेव्हा सरकारी मदत धरून मोजलेली बालगरिबी ५.२ टक्क्यांवर आली. वर्ष संपलं, वाढ संपली, आणि २०२२ मध्ये आकडा १२.४ टक्के झाला. एकही पुढारी कुठे पळाला नाही.

पैसे भरूनही ज्यांचा आवाज नाही असा आणखी एक वर्ग आहे, आणि त्यात पुणे-मुंबईची माणसं भरपूर आहेत. एच-१बी व्हिसावर गेलेल्या इंजिनीअरच्या पगाराच्या स्लिपवर ही ६.२ टक्क्यांची कपात असतेच. कंपनीही तेवढीच भरते. पेन्शनचा हक्क मात्र साधारण दहा वर्षं भरल्यावर लागतो, आणि हा व्हिसा ग्रीन कार्डाच्या रांगेत नसणाऱ्याला सहा वर्षांचा. वर्षाला लाख डॉलर पगार असलेला मुलगा सहा वर्षांनी कोथरूडला परतला तर त्याचे ३७,२०० डॉलर तिकडेच राहतात, कंपनीचे वेगळे. तीसेक देशांशी अमेरिकेचा करार आहे, त्यामुळे तिथल्या लोकांची दोन्हीकडची वर्षं जोडून धरली जातात. भारताशी नाही. भारत सरकार कित्येक वर्षं मागणी करतंय. सॅन होजेतल्या निवृत्त आजोबांच्या चेकमध्ये सदाशिव पेठेतल्या नातवाचाही वाटा आहे, हे त्या दोघांनाही बहुधा माहीत नसतं.

'माझे पैसे मी भरले' हा युक्तिवादही कायद्यापुढे तितका पक्का नाही. बल्गेरियातून १९१३ मध्ये आलेल्या एफ्राम नेस्टर यांना जुन्या कम्युनिस्ट सभासदत्वावरून देशाबाहेर काढलं आणि पेन्शन थांबवली. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की भरलेल्या पैशाने पेन्शनवर मालमत्तेसारखा हक्क येत नाही. काँग्रेस ती बदलू शकते. काँग्रेस मात्र हल्ली बदलते ती एकाच दिशेने. जानेवारी २०२५ मध्ये बायडन यांनी, स्वतंत्र पेन्शन असलेल्या काही सरकारी नोकरांची कपात रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. दहा वर्षांचा खर्च सुमारे २० हजार कोटी डॉलर. त्याच वर्षी जुलैत ट्रम्प यांनी पासष्टीपुढच्यांना आयकरात जादा वजावट दिली, त्यामुळे गंगाजळीत जमा होणारा कर आणखी घटला.

गंगाजळी तळाला जाण्याचा अंदाज आता २०३२ च्या अखेरचा किंवा २०३३ चा आहे. त्यानंतर कायद्याप्रमाणे जमा होईल तेवढंच वाटता येईल, म्हणजे प्रत्येक चेक पाचव्या हिश्शाहून जास्त कापला जाईल, फुलरबाईंसारख्या गरजूचाही आणि बफे यांचाही. हे होऊ दिलं जाणार नाही, याबद्दल वॉशिंग्टनमध्ये दुमत नाही. पैसे कुठून आणायचे यावर चर्चाच सुरू नाही. सिनेटरची मुदत सहा वर्षांची असते. नोव्हेंबर २०२६ मध्ये निवडून येणाऱ्या सिनेटरांची संपते ३ जानेवारी २०३३ ला.